दोरीचं टोक

नात कॉम्प्युटरच्या माउसला नवी वायर करत होती. पोकळ, मऊ दोरीत बारीक तारा घालायच्या. दोरीच्या चुण्या करायच्या, पुढे सरकवायच्या, पुन्हा चुण्या.

"आजी, हे टोक धर. तारा आत गेल्या तर सगळं पहिल्यापासून."

मी धरलं. ह्यांच्या पायजम्यात मी अशीच नाडी ओवायचे. धुवायला टाकताना टोकांना गाठ मारा, हे जन्मभर सांगितलं. मारली नाही. मग पायजमा हातात धरून दारात उभे, "अगं, गेली बघ आत."

शेवटचा पायजमा कपाटात आहे. नाडी आतच आहे. घालणारा नाही, ओवून काय करू?

"झालं आजी, सोड."

सोडण्याआधी मी टोकाला गाठ मारली.

"अगं, गाठ कशाला? आता सोडवावी लागेल."

"सोडव," म्हटलं.