टॉमच्या वहीतला सामना

टॉमच्या वहीत तो सामना ५१–४८ असा होता. लीगच्या शीटमध्ये तो झालाच नव्हता.

माझ्या स्क्रीनवर दोन्ही ओळी शेजारी शेजारी होत्या. खाली वहीतल्या ओळीसाठी दोन बटणं: ॲक्सेप्ट आणि रिजेक्ट. मी चहाचा मग हातात धरून नुसती बघत बसले होते.

ही २०११ ची गोष्ट. मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीतल्या एका छोट्या वेब कंपनीत डेव्हलपर होते. मंदीत आम्ही अकराचे सहा उरलो होतो, त्यामुळे येईल ते काम घ्यायचं. अशात एका कॉलेजचं काम आलं. त्यांच्या बास्केटबॉल टीमचा आजवरचा सगळा इतिहास वेबसाइटवर हवा होता. मुलांची टीम, मुलींची टीम, प्रत्येक सीझन, प्रत्येक सामना, कोणी किती पॉइंट केले. नागपूरला आमच्या कॉलेजात बास्केटबॉलचं कोर्ट होतं, त्यावर आम्ही स्कूटी लावायचो. माझा या खेळाशी संबंध तेवढाच.

थोडं समजावून सांगते. कॉलेजांची एक लीग होती आणि तिचे दोन भाग होते, पूर्व आणि पश्चिम. या भागाला ते लोक कॉन्फरन्स म्हणत. पहिल्या मीटिंगमध्ये मी आपली कॉन्फरन्स म्हणजे परिषद समजून मान डोलावत होते. प्रत्येक कॉलेज आपल्या कॉन्फरन्समधल्या बाकीच्या कॉलेजांशी खेळणार. ज्याचे विजय जास्त, ते कॉन्फरन्सचं विजेतं. या कॉलेजच्या मुलांनी कॉन्फरन्स बऱ्याचदा जिंकली होती. मुलींनी एकदाही नाही. म्हणजे लीगच्या शीटप्रमाणे नाही.

माहिती दोन ठिकाणांहून आली होती. एक लीगच्या ऑफिसने दिलेली एक्सेल शीट. ती त्यांनी जुन्या फायलींवरून अलीकडेच तयार केली होती. दुसरी माहिती म्हणजे टॉमच्या वह्या.

टॉम कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरीला होता. पंचवीस-एक वर्षं त्याने हौसेने टीमचा स्कोअर लिहिला. सामना संपला की घरी येऊन तो सगळा हिशेब जाड पुठ्ठ्याच्या वहीत पुन्हा उतरवायचा. तिरकी रेघ म्हणजे बास्केट, भरीव टिंब म्हणजे फ्री थ्रो, समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारा मोकळा नेम. रिटायर झाल्यावर तो पोर्टलीशला राहायला गेला. माझं घर ॲडम्सटाउनला, त्याच रेल्वे लाईनवर. म्हणून वह्या आणायला मीच गेले. त्याने त्या दोन पिशव्यांत भरून ठेवल्या होत्या. वर प्लॅस्टिक गुंडाळलं होतं, पाऊस लागू नये म्हणून.

"सांभाळून ने," तो म्हणाला. "दुसरी कॉपी नाही."

मी पानापानाचे फोटो काढले, आकडे टाइप केले आणि एक प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम शीट आणि वही ताडून बघायचा. जुळलं तर माहिती सरळ वेबसाइटवर. नाही जुळलं तर ती ओळ माझ्यापुढे यायची. आमच्या भाषेत याला एक्सेप्शन म्हणतात. त्याचा निकाल माणसाने लावायचा. बहुतेक एक्सेप्शन किरकोळ होते. तारीख एका दिवसाने पुढेमागे, मर्फीच्या जागी मर्फी, पण दुसरी मर्फी.

हा किरकोळ नव्हता. ऐंशीच्या दशकातला एक सीझन, मुलींचा शेवटचा सामना. शीटमध्ये लिहिलं होतं: बर्फामुळे रद्द. त्यामुळे मुली कॉन्फरन्समध्ये दुसऱ्या. टॉमच्या वहीत तोच सामना होता, पण दोन आठवड्यांनंतरचा, एका कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलमधला. आणि तो मुलींनी जिंकला होता. म्हणजे कॉन्फरन्सही त्यांनीच जिंकली होती.

मी टॉमला फोन लावला.

"बर्फ पडला म्हणून तो दिवस गेला," तो म्हणाला. "मग दोन आठवड्यांनी, बुधवारी खेळलो. हॉलला हीटिंग नव्हतं, मी हातमोजे घालून लिहीत होतो. शेवटचे दोन फ्री थ्रो ब्रीडाने टाकले. ती कॅप्टन होती. बघ, दोन टिंबं असतील."

मी पान पाहिलं. दोन टिंबं होती.

"मग लीगच्या शीटमध्ये का नाही?"

"रेफरीचा कागद फाईलला लागला नसेल. कोणाला पडली होती गं? पेपरात मुलींच्या दोन ओळीही यायच्या नाहीत."

माझा विश्वास बसला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं ते गैरसमजातून केलं नाही.

मी माझ्या बॉसकडे गेले. फर्गल माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर तेव्हा तीन प्रोजेक्ट होते आणि तिन्ही उशिरा चालले होते.

"मास्टर कोणता ठरलाय?" त्याने विचारलं. मास्टर म्हणजे दोन ठिकाणची माहिती भांडली तर जिचं ऐकायचं ती.

"लीगची शीट. पण फर्गल, या वहीत प्रत्येक बास्केट लिहिलेली आहे."

"क्लायंटला विचार."

क्लायंट म्हणजे नीव्ह, कॉलेजची स्पोर्ट्स ऑफिसर. सप्टेंबरमध्ये जुन्या खेळाडूंचं स्नेहभोजन होतं आणि त्यात वेबसाइट दाखवायची होती. तिच्या डोक्यात फक्त ती तारीख होती.

"जे ऑफिशियल आहे ते ठेव," ती म्हणाली. "मी आत्ता लीगशी वाद उकरून काढला तर ख्रिसमसपर्यंत उत्तर येणार नाही. जेवण होऊन जाऊ दे, मग बघू. चालेल?"

"ग्रँड," मी म्हणाले. तिथे राहून हा शब्द तोंडात बसतो. सगळं ठीक असो वा नसो, ग्रँड.

त्या ओळीखाली 'या सामन्याबद्दल वेगळी नोंद उपलब्ध आहे' असं एक वाक्य दाखवायचं म्हटलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी ते केलं नाही. कोणी नको म्हणालं नव्हतं. मी विचारलंच नाही.

रिजेक्ट दाबलं की प्रोग्रॅम कारण विचारायचा. यादी मीच बनवली होती आणि तीनच पर्याय ठेवले होते: डुप्लिकेट, वाचता येत नाही, अविश्वसनीय. पहिले दोन लागू नव्हते. मी तिसरा निवडला आणि पुढच्या एक्सेप्शनकडे गेले.

वह्या मी ऑगस्टमध्ये टॉमला परत नेऊन दिल्या. त्या सामन्याचं काय झालं ते त्याने विचारलं नाही. आपण सांगितलं म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं असणार.

स्नेहभोजन शनिवारी दुपारी होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडली होती, समोर मोठा पडदा होता. लॅपटॉप मी चालवत होते. टॉम आला नव्हता, त्याची तब्येत बरी नव्हती. लोक आपापला सीझन सांगायचे, मी तो उघडायचे, टाळ्या पडायच्या. एक टक्कल पडलेला गृहस्थ आपले एका सामन्यातले पॉइंट बघून चक्क रडला. मला छान वाटत होतं. आपलं काम बघून कोणी रडावं असं आमच्या धंद्यात फारसं घडत नाही.

मग मागच्या टेबलावरून एका बाईंनी एक साल सांगितलं. मी टाइप केलं. पडद्यावर आलं: मुली, पूर्व कॉन्फरन्स, दुसरा क्रमांक. शेवटचा सामना रद्द.

त्या बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या आसपास, आखूड केस, गळ्यात चष्मा. "हे चुकलंय," त्या म्हणाल्या. "तो सामना झाला. आम्ही जिंकलो."

मग पुढच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "अगं ब्रीडा, तीस वर्षांनी सगळेच जिंकलेले असतात!"

हॉल हसला. वाईट हेतूने नाही, जेवणावळीत हसतात तसाच. ब्रीडाही थोडी हसली आणि खाली बसली. तिच्या टेबलावर तिच्याच टीमच्या तिघी होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या.

माझ्यासमोर माइक होता. एक वाक्य पुरलं असतं. नीव्हने माझ्याकडे बघून पुढचं साल असा हात केला, आणि मी पुढचं साल उघडलं.

जेवणानंतर ब्रीडा माझ्यापाशी आली.

"ही माहिती कुठून घेतलीत?"

"लीगच्या रेकॉर्डमधून."

"टॉमच्या वह्या नाही बघितल्या?"

"बघितल्या," मी म्हणाले. "ते जुळत नव्हतं."

मी खोटं बोलले नव्हते. ती "अच्छा" म्हणाली आणि कोट घ्यायला गेली.

नंतर मी लगेच काही केलं असतं तरी निभावलं असतं. पण दुसरं प्रोजेक्ट सुरू झालं. नीव्हला एक मेल टाकला, तिचं उत्तर आलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये फर्गलने सगळ्यांना जुन्या प्रोजेक्टच्या फायली साफ करायला सांगितलं. क्लायंटची माहिती कामापुरतीच ठेवायची, हा आमचा नियम होता आणि तो बरोबरही होता. त्या शुक्रवारी मी टॉमच्या वह्यांचे फोटो आणि त्यावरून टाइप केलेले आकडे असलेला फोल्डर उडवला. उडवताना तो सामना मला आठवलासुद्धा नाही.

जानेवारीत ब्रीडाने कॉलेजला रीतसर पत्र लिहिलं. लीगने कळवलं की पुरावा असेल तर दुरुस्ती करू. नीव्हने ते मला पाठवलं. "टॉमच्या वहीचा फोटो आहे ना तुझ्याकडे?"

नव्हता. मी टॉमच्या घरी फोन केला. त्याच्या पुतण्याने उचलला. टॉमला ख्रिसमसच्या आधी पॅरालिसिसचा झटका आला होता. आता तो नर्सिंग होममध्ये होता आणि भाड्याचं घर रिकामं करून दिलं होतं.

"वह्या?" पुतण्या म्हणाला. "जुने कागद खूप होते. सगळं स्किपमध्ये गेलं." स्किप म्हणजे घराबाहेर उभा करतात तो कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा. "महत्त्वाचं होतं का काही?"

मी टॉमला भेटायला गेले. तो खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. बोलणं सावकाश, पण डोकं शाबूत.

"ब्रीडाचं पत्र आलंय," मी म्हणाले. "त्या सामन्याबद्दल."

"एक्कावन्न अठ्ठेचाळीस," तो लगेच म्हणाला. "वहीत आहे. निळी वही. घरच्या प्रेसमध्ये होती, वरच्या फळीवर; पुतण्याने उचलून ठेवली असेल." प्रेस म्हणजे तिकडे कपाट.

आपलं घर गेलं हे त्याला माहीत होतं. वह्या गेल्या हे माहीत नव्हतं.

"तू कॉम्प्युटरवर चढवलंस ना सगळं?"

"हो," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटून मान हलवली. मी आणलेली द्राक्षं टेबलावर ठेवली आणि दुपारच्या गाडीने परत आले. मे महिन्यात तो गेला. मला वाटतं, मी तेव्हा खरं सांगितलं नाही ते त्याच्यासाठी बरंच झालं. पण ते मी त्याच्यासाठी केलं होतं की माझ्यासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही.

मग मीच लीगला पत्र लिहिलं. ती वही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, तारीख, हॉल, स्कोअर, शेवटचे दोन फ्री थ्रो, सगळं. लीगच्या सेक्रेटरीने सभ्यपणे उत्तर दिलं. त्यांनी कॉलेजकडून प्रोजेक्टची कागदपत्रं मागवली होती. त्यात लॉग होता. लॉग म्हणजे प्रोग्रॅमने कोणत्या वेळी काय केलं त्याची आपोआप ठेवलेली नोंद. फोटो उडवले होते, लॉग कोणी उडवला नव्हता. त्यात त्या सामन्यापुढे माझं नाव होतं आणि कारण होतं: अविश्वसनीय. 'आपणच तपासून नाकारलेल्या नोंदीच्या आधारे बदल करणं आम्हाला शक्य नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

ब्रीडाला मी फोन केला. सगळं सांगितलं, काही न वगळता.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या दुपारी सगळे हसले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आम्ही चौघी गाडीत बसल्यावर काय बोलत होतो माहितीये? आपल्याच डोक्यात काही घोळ झालाय का. मेरी म्हणाली, कदाचित तो सामना आधीच्या वर्षीचा असेल. तीस वर्षं मला शंका आली नव्हती. त्या दिवशी आली."

मी सॉरी म्हणाले.

"फोन केलात, थँक्स," ती म्हणाली. आयरिश माणसं रागातसुद्धा थँक्स म्हणून फोन ठेवतात. तिचा आवाज परत कधी ऐकला नाही.

२०१३ मध्ये कॉलेजने दुसऱ्या कंपनीकडून नवी वेबसाइट करून घेतली. माझी माहिती त्यांनी जशीच्या तशी उचलली. मुली, पूर्व कॉन्फरन्स, दुसरा क्रमांक. आता लीगची साइट कॉलेजच्या साइटचा दाखला देते आणि कॉलेजची साइट लीगचा.

मी अजून याच कामात आहे. नवीन लोक हाताखाली येतात, हुशार असतात, त्यांना दोन ओळी लढताना दिसल्या की एक पटकन खोडायची असते. मी त्यांना सांगते, दोन्ही दाखवा. शंका असेल तर पडद्यावर शंका दिसू दे. पान घाणेरडं दिसेल, क्लायंट ओरडेल. ओरडू दे.