बायकोची तपकिरी फ्रेम

बायकोला ती जाड तपकिरी फ्रेम फार छान दिसत होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिला तर नाहीच.

बारामतीतल्या त्या चष्म्याच्या दुकानात भिंतभर आरसे होते आणि गोड बोलणारा एक विक्रेता होता. "मॅडमचा फेस ओव्हल आहे, मॅडमना काहीही सूट होतं," तो म्हणाला. आमच्या आधीच्या, पाटासारख्या चौकोनी तोंडाच्या गृहस्थालाही त्यानं ओव्हलच ठरवलं होतं. त्यांनी सोनेरी काड्यांची फ्रेम घेतली. कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं म्हणे. पुढाऱ्याची अक्कल दुकानात मिळत नाही, म्हणून आमच्याकडं लोक त्याची फ्रेम घेतात.

मी मनात या सगळ्यांना हसत होतो. जसा काही मीच शहाणा.

बायकोचा नंबर मोठा. दुकानातल्या फ्रेमला नुसती कोरी काच असते, त्यामुळं ती घातली की तिला आरशातलं स्वतःचं तोंडही दिसत नाही. तपकिरी फ्रेम घालून ती माझ्याकडं वळली.

"आवं, मला नुसता धूर दिसतोय. तुमीच सांगा, कशी दिसती?"

ती ठाम दिसत होती. चारचौघांनी आधी तिच्याकडं बघावं, मग माझ्याकडं, अशी. ते मला सोसलं नाही.

"हेडबाई दिसतीयस. पोरं पळून जातील."

"मग नगं बाई," ती हसून म्हणाली आणि फ्रेम काढून ठेवली.

मी तिला बिनकाठाची, तारेसारखी फ्रेम घ्यायला लावली. अशा फ्रेममध्ये मोठ्या नंबरची काच कडेनं जाड दिसते, हे त्या गोडबोल्यानं सांगितलं नाही. चष्मा तयार होऊन आला तेव्हा सोड्याच्या बाटलीची दोन बुडं तारेत अडकवल्यासारखा दिसत होता. मग त्याचीही लाज मलाच वाटायला लागली.

पुढं लासुर्ण्यात पुतण्याचं लग्न निघालं. मांडवात व्हिडिओवाला आमच्याकडं वळला तसा मी कुजबुजलो, "अगं, चष्मा काढ आधी." तिनं मुकाट्यानं तो पर्समध्ये टाकला. निरवांगीची माझी चुलती पुढच्याच खुर्चीत, पदर सावरून, पाया पडून घ्यायला तयार बसली होती. बायको तिच्यासमोरून तशीच गेली आणि पलीकडं बसलेल्या नवरीकडच्या कुणा बाईच्या पाया पडली.

"बघितलं का? लय मोठी झाली," चुलती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमी कशाला दिसतोय तिला आता!"

"बारामतीचं वारं लागलंय, काकी," कुणीतरी वरनं फोडणी दिली.

मी तिथंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावला.

तेव्हापासून चुलती आमच्या गावाला, पिंपळीला, भावकीत येते, चहा पिऊन जाते, आमचा उंबरा तेवढा टाळते. नात्यात बायकोला गर्वाची म्हणतात. गर्वाची बाई परकीच्या पाया कशाला पडेल, एवढंही या शहाण्यांना सुचत नाही. बायकोनं माझं नाव कधी घेतलं नाही. "मला दिसलं न्हाय, माजंच चुकलं," एवढंच म्हणते.

चष्मा मी काढायला लावला होता, हे निरवांगीला जाऊन चुलतीला तोंडावर सांगायचं, एवढं मी बायकोचं अजून देणं लागतो.