कोचसाहेबांचा आवाज

साताऱ्याच्या आमच्या फुटबॉल संघाचे कोच लष्करातून निवृत्त झालेले. एरवी कुणाचा पाय मुरगळला तर स्वतः तेल चोळून देत. सामना सुरू झाला की मात्र रेषेवरून शिव्या घालत. सांगलीच्या सामन्यात त्यांच्या ओरडण्याने दचकून गोलकीपरच्या हातून सोपा चेंडू सुटला आणि गोल झाला. मध्यंतरात ते त्याच्यावर धावून गेले. तो रडवेला होऊन म्हणाला, "आवं, तुमी वरडला की मला बॉल दिसतच न्हाई. तुमीच दिसता."

कोच मैदानाच्या भिंतीबाहेर जाऊन उभे राहिले. त्यानंतर आम्ही दोन गोल केले. नाचत बाहेर आलो, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती झालं रं?"

जिंकल्याचं सांगायला आमच्यातल्या एकाचंही तोंड उघडेना.