उसना राग

अंतोनमामा घोड्यांच्या कानात शिव्या द्यायचा. अंधेरीच्या गावठाणातला ख्रिस्ती माणूस, रविवारचं चर्च कधी चुकवलं नाही. पण तबेल्यात डॉक्टर सुई घेऊन आले की घोड्याच्या कानाशी असं काही बोलायचा की मी, कोकणातला गडी, तोंड फिरवायचो. आम्ही दोघं तिथं मोतद्दार. घोड्याला घटसर्पाचं विष टोचायचं, दर खेपेला थोडं थोडं वाढवत. मग त्याच्याच रक्तातून घटसर्पावरचं औषध निघायचं. मामाचं म्हणणं एकच, "जनावर चिडलं तरच औषध कडक उतरतं."

डॉक्टरांनी त्याला समजावलं. "अंतोन, रागानं नाही रे. अंगात पांढऱ्या पेशी असतात. त्या विष ओळखतात आणि नेमकं त्यालाच धरून ठेवणारं औषध घडवतात."

"मग राग तो दुसरा काय असतो, साहेब?" मामा म्हणाला. डॉक्टर हसले. मी चौथीपर्यंत शिकलेला. मला मामाचं पटलं, आजही पटतं.

पुढं माझ्याच लीलाला घटसर्प झाला. चार वर्षांची पोर. घशात पांढरा पडदा, श्वास घुरघुरायला लागलेला. डॉक्टर औषध घेऊन दारात उभे आणि माझी आई तिला पोटाशी धरून बसलेली. "घोड्याचं रक्त घालताय? माणसाच्या पोरीला घोडं करताय?"

मामानं तिच्यासमोर फतकल मारली. "म्हातारे, रक्त नाय गो. नुसता राग काढून आणलाय. पोरीला स्वतःचा यायला दिवस लागतील, तेवढे दिवस तिच्याकडं नाहीत. तोवर उसना घे."

आईनं हात सैल सोडले. लीला वाचली.

ती खेळायला लागली तसा मामा पुन्हा दारात. "हिला लस टोचायचीय."

आई म्हणाली, "बरी झालीय की रे!"

"उसनं टिकत नाय, आये. घोड्याचा राग उतरला की पोर पुन्हा उघडी पडेल. हिचा हिला करू दे." आणि तिला खांद्यावर टाकून निघालासुद्धा.

मामा गेला तेव्हा लीला दोन मुलांची आई होती. गावठाणातून शवपेटी उचलली, तशी ती पुढं झाली आणि खांदा लावला. "अगं, हे बायकांचं काम नाही," कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. तो माणूस माझ्याकडं वळला, "तुम्ही तरी सांगा."

"मी नाही सांगणार," म्हणालो, आणि तिच्यामागून चालू लागलो.