खाणीच्या वळणावरचा फोन

अँब्युलन्स चालवणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या दोन समजुती असतात. एक, तो फार कनवाळू असतो. दुसरी, त्याला वेगाचं वेड असतं. आपल्या ह्या ड्रायव्हरला दोन्ही लागू नव्हत्या. एकोणीस वर्षं गाडी चालवून तो ना हर्ष ना खेद अशा अवस्थेला पोचला होता. मागे कोणी कण्हत असो, कण्हता कण्हता गप्प होवो, कोणाची बहीण शेजारच्या सीटवर बसून "जरा लवकर हो, जरा लवकर" म्हणत असो, ह्याचा चेहरा बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. आणि स्वतःची स्कूटर चालवताना काटा तीसच्या पुढे नाही. सायकलवाला टांग मारून पुढे गेला तरी ह्याला त्याचं काही वाटत नसे.

वेगाचा हिशेब त्याला पाठ होता. वीस किलोमीटर ताशी नव्वदने गेलं तर तेरा मिनिटं लागतात, एकशेवीसने गेलं तर दहा. म्हणजे जीव मुठीत धरून वाचतात ती तीन मिनिटं. नवा ड्रायव्हर कामावर आला की तो एवढंच शिकवायचा, "तीन मिनिटं वाचवायची असतील तर बूट घालताना वाचव. रस्त्यावर वाचवायला जाऊ नकोस." नवे ड्रायव्हर मान डोलवायचे आणि पहिल्याच दिवशी आरसा फोडून आणायचे.

वडील गेले तेव्हा त्यांना दवाखान्यात त्यानेच नेलं होतं. ते वाटेतच गेले. त्याने गाडी परत आणली, मागचा भाग धुतला, रजिस्टर भरलं आणि मग आईला सांगायला घरी गेला. आपल्याला रडू येईल म्हणून तो थांबला होता. आठवडा गेला, महिना गेला, मग त्याने वाट बघणं सोडून दिलं. बायको एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, तुम्ही घरी येता, पण पोचत नाही." भांडणाचा सूर नव्हता तिचा. त्यानेही ते भांडण धरलं नाही, तिच्या हातातली बादली घेऊन आत ठेवली.

त्याचा भाऊ मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा. सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली, वर-खाली करून त्याला आडवं पळायची हौस सुटली होती, असं त्याचा साहेबच म्हणे. हौस म्हणजे काय, तर देशाच्या एका किनाऱ्यावरून मोटारीने निघायचं आणि दुसऱ्या किनाऱ्यावर पोचायचं, आजवर कोणी पोचलं नसेल इतक्या कमी वेळात. अठ्ठावीसशे किलोमीटर. रस्ते सगळे चालू, लोक सगळे आपापल्या कामाला निघालेले, आणि त्यांच्यामधून हे. बक्षीस नाही, कप नाही. पेपरात फोटो तर नकोच, कारण फोटो आला की मागोमाग पोलीस यायचे. मिळायचं काय, तर चाळीसेक लोकांच्या फोनमध्ये एक यादी होती, तिच्यात आपलं टोपणनाव वर सरकायचं. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

ह्या चाळीस जणांना स्वतःबद्दल फार अभिमान होता. आम्ही उडाणटप्पू नाही, असं ते एकमेकांना सारखं बजावत. डिकीत जादा टाकी बसवलेली, पुढे शंभर किलोमीटरवर एक टेहळणीची गाडी, दोघं आळीपाळीने चालवणार, तिसरा दुर्बीण घेऊन बसणार. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की वाटेत कोणाला नुसतं खरचटलं तरी ती वेळ यादीत धरायची नाही. "आमच्यात कायदा तुमच्यापेक्षा कडक आहे दादा," धाकटा म्हणायचा. दादा ऐकून घ्यायचा आणि ताट उचलून मोरीत ठेवायचा.

एका रविवारी सकाळी धाकट्याने त्याला गाडीत घातलं. मोटारीचा आवाज ऐकून सांग, एवढंच निमित्त. शहराबाहेरचा नवा रस्ता अजून वाहतुकीला खुला झाला नव्हता, सरळ रेघ मारल्यासारखा पडला होता. धाकट्याने काटा एकशेऐंशीवर नेला. दादाने सवयीने मान वळवून मागे पाहिलं. मागची सीट रिकामी होती. कोणी कण्हत नव्हतं, सलाइनची बाटली हलत नव्हती, शेजारी कोणाची बहीण नव्हती. इतकी वर्षं तो वेगाने जात होता तो नेहमी कोणाच्या तरी मरणाच्या पुढे, आणि आज नुसताच वेग होता, कशासाठीही नसलेला. त्याला हसू आलं. आधी बारीक, मग मोठ्याने. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसत राहिला आणि धाकटा चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिला. ह्या माणसाला आनंद झाला होता, हे सरळ सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या आनंदातून झालं.

परत येताना दोघं एका टपरीवर चहाला थांबले. धाकट्याने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या पट्ट्यातल्या गस्तीच्या गाड्या कधी हलतात रे?" एरवी दादा हूं करून गप्प बसला असता. पण त्याच्या कामाबद्दल इतक्या वर्षांत कोणी इतक्या उत्सुकतेने विचारलं नव्हतं आणि त्याची जीभ सैल सुटली. खाणीच्या वळणावर दोन टेकड्यांमध्ये वायरलेस लागत नाही आणि फोनही लागत नाही, हे त्याने सांगितलं. तिथल्या अपघाताची खबर आली, टँकर उलटलाय आणि माणसं अडकलीत असं कोणी कळवलं, तर गस्तीच्या दोन्ही गाड्या आणि अँब्युलन्स, सगळे तिकडे पळतात, हेही सांगितलं. खबर खोटी वाटली तरी खोटी धरायची नाही, डोळ्यांनी बघून यायचं, दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर चालत जाऊन खड्डे तपासायचे. "आणि एकदा आत शिरलो की आम्हाला कोणी परत बोलावू शकत नाही," तो म्हणाला. हे सांगताना त्याला थोडा रुबाबही वाटला. धाकट्याने चहाचे दुसरे कप मागवले.

पाच आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, फोन आला. खाणीचं वळण, दुधाचा टँकर, दोघं अडकलेत. ड्रायव्हर आणि सिस्टर निघाले. दुसरी अँब्युलन्स वर्कशॉपमध्ये होती. सव्वीस किलोमीटर त्याने नेहमीसारखी गाडी हाणली आणि वळणावर पोचला, तर रस्ता धुतल्यासारखा मोकळा. गस्तीची एक गाडी आधीच उभी होती, दुसरी मागून आली. सगळे नियमाप्रमाणे खड्डे तपासायला लागले. सिस्टर साडीचा पदर खोचून रस्त्याच्या मोरीखाली वाकून बघत होती. ड्रायव्हर अर्धा किलोमीटर चालत गेला आणि चालता चालता त्याला टपरी आठवली. त्याला वाटलं आपण आता रागावू, घाबरू, काहीतरी होईल. काही झालं नाही. पायांखाली खडी वाजत होती तेवढीच.

टेकड्यांतून बाहेर पडल्याबरोबर वायरलेस बोलू लागला. गावातली शिवणाच्या बाईंची केस होती, मुलींना शिवण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाई. छातीत दुखतंय, श्वास लागलाय. ते टेकड्यांत शिरल्यावर चारच मिनिटांनी फोन आला होता. बाईंचं घर अँब्युलन्सच्या ठाण्यापासून सात मिनिटांवर. हे पोचले ते अठ्ठेचाळीस मिनिटांनी. बाईंचे यजमान, ग्रंथालयातून निवृत्त झालेले कारकून, फाटकाशी उभे होते आणि हात हलवत होते. आत शिलाई मशीनच्या बाजूला बाई जमिनीवर होत्या. सिस्टरने पंधरा मिनिटं खटपट केली आणि मग घड्याळाकडे बघितलं.

यजमान ओरडले नाहीत. ड्रायव्हरला वाटलं ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "गाडी पंक्चर झाली होती का?"

"हो," ड्रायव्हर म्हणाला.

सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि सामान आवरायला घेतलं. रजिस्टरात त्याने "खबर खोटी" असं लिहिलं, वेळा लिहिल्या, सही केली. वरून विचारणा झाली, फोन करणारा सापडला नाही, कागद फाइलमध्ये गेला. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. मूग गिळून बसलं की झालं.

धाकटा चार दिवसांनी घरी आला, दाढी वाढलेली, डोळे लाल, चेहऱ्यावर मात्र लग्न ठरल्यासारखं तेज. "झालं दादा. तेवीस तास सहा मिनिटं. जुना विक्रम अकरा मिनिटांनी मोडला. तुझ्या पट्ट्यातून तर लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली."

"फोन कोणी केला?"

"टेहळणीवाल्याने. अरे, कोणाला खरचटलंसुद्धा नाही."

दादाने त्याला शिवणाच्या बाईंचं सांगितलं. बातम्या वाचून दाखवाव्यात तशा आवाजात सांगितलं, कारण दुसरा आवाज येत नव्हता. धाकट्याचं तेज उतरलं. बराच वेळ तो खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत बसला. वाईट त्यालाही वाटलं, नाही कशाला म्हणा. मग म्हणाला, "वेळेवर पोचला असतास तर वाचल्या असत्या का नक्की?"

"नक्की कोण सांगणार."

"मग?" धाकटा म्हणाला. "मी लपवणार नाही दादा. आमच्या लोकांपुढे ठेवतो. नियम म्हणजे नियम."

त्याने खरंच ठेवलं. दोन दिवस त्या चाळीस जणांच्यात कीस पाडला गेला. मग धाकट्याचा फोन आला. सगळ्यांनी मत दिलं होतं. जे घडलं ते रस्त्यावर घडलं नव्हतं, मोटारीपासून वीस किलोमीटरवर, एका घरात घडलं होतं, आणि गाडीचा कोणाला धक्का लागलेला नव्हता. वेळ धरायची ठरली. "तू कुठे बोलणार नाहीस ना?" धाकट्याने विचारलं. दादा म्हणाला, "बघू." फोन ठेवला आणि बायकोने पुढ्यात ठेवलेलं जेवला. बायकोने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण ते काका बाजारात भेटेल त्याला पंक्चरचं सांगत असतात. म्हणतात, ड्रायव्हर बिचारा काय करणार."

तीन आठवडे तसेच गेले. काय करायचं हे त्याला कळत होतं, करायची इच्छाच होत नव्हती. भाऊ तुरुंगात जाईल, आपली नोकरी जाईल, आई तोंड बघणार नाही, हे सगळं त्याला दिसत होतं, पण दुसऱ्या कोणाच्या घरातलं दिसावं तसं. गाडी धुवायची, रजिस्टर भरायचं, बूट दाराशी तयार ठेवायचे. सिस्टर त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

आणि मग एका दुपारी शिवणाच्या बाईंचे यजमान ठाण्यावर आले. मागे हातगाडी, तिच्यावर कोरं करकरीत टायर. दुकानदाराला विचारून त्यांनी नेमकं अँब्युलन्सच्या मापाचं आणलं होतं.

"स्टेपनी चांगली असली तर दहा मिनिटांत चाक बदलतं म्हणे," ते म्हणाले. "तुमच्याकडची जुनी झाली असेल. सरकार काही लवकर देणार नाही. हिच्या नावाने म्हणून ठेवा. पुढच्या कोणाचा खोळंबा नको."

हातगाडीवाल्याने टायर उतरवून भिंतीशी टेकवलं आणि तो गेला. ड्रायव्हर टायरकडे बघत उभा राहिला.

"काका, पंक्चर झालं नव्हतं."

आणि त्याने सगळं सांगितलं. नवा रस्ता, टपरीवरचा चहा, आपण काय काय बोललो, फोन, मोरीखाली वाकलेली सिस्टर. काकांचे गुडघे दुखत असावेत, ते ऐकता ऐकता टायर आडवं करून त्याच्यावर बसले.

"मग झाला का त्यांचा विक्रम?" शेवटी त्यांनी विचारलं.

"झाला."

"कितीने?"

"अकरा मिनिटांनी."

काकांनी मान हलवली. "ही अर्धा तास बोलत होती माझ्याशी," ते म्हणाले. "मी हात धरून बसलो होतो. मग म्हणाली, त्यांना घर सापडत नसेल, तुम्ही फाटकाशी जाऊन उभे राहा. म्हणून मी गेलो. नाहीतर उठलो नसतो."

ड्रायव्हर खाली बसला. जमिनीवरच बसला, काकांच्या पायांशी. छातीत कुठेतरी कळ आली आणि गेली नाही. वडिलांच्या वेळी यायची ती ही, हे त्याला कळलं.

"चौकीत मी एकटा गेलो तर म्हातारा काहीतरी बरळतोय म्हणतील," काका म्हणाले. "लिहून द्या मला. कोणाला सांगितलंत, ते नाव."

त्याने रजिस्टरमधला एक कोरा कागद फाडला. भावाचं नाव लिहिलं, पुढे आडनाव. खाली स्वतःचं नाव लिहिलं. आडनाव एकच होतं, पुन्हा लिहायची तशी गरज नव्हती, पण त्याने ते पूर्ण लिहिलं.