तारेचे तीन पीळ

मी घाबरट माणूस आहे आणि त्या घाबरटपणावरच माझी सगळी नोकरी झाली. रेल्वेच्या यार्डात मालगाड्या तपासायचं माझं काम होतं. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्यापाशी जायचं, चाकावर टोला द्यायचा आणि नाद ऐकायचा. खणखणीत वाजलं तर पुढे जायचं, बद्द वाजलं तर गाडी थांबवायची. पण खरी भीती लोंबणाऱ्या वस्तूंची. डब्याखालची एखादी दांडी सुटून लोंबायला लागली आणि रुळात अडकली, तर मागचे सगळे डबे आडवे. म्हणून आमची रीत अशी की दुरुस्तीला वेळ नसेल तर लोंबणारी वस्तू जाड तारेनं वर आवळून टाकायची आणि गाडी पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत जाऊ द्यायची. तार दुहेरी, पीळ तीन, टोक आत वळवलेलं. माझ्या हातची तार कधी सुटत नाही, असं यार्डात म्हणत. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

घरी मात्र माझ्या भीतीला कुणी भीक घालत नसे. गॅसचं बटण मी तीनदा बघतो, कुलूप लावल्यावर ओढून बघतो. बायको म्हणते, हे देवळात घंटा वाजवतात तीसुद्धा तडा गेलाय का ते ऐकायला. आणि मुलगी तर माझ्या अगदी उलट. भीतीची वाटणी झाली तेव्हा सगळी माझ्याच पानात पडली असावी. ती झाशीत जन्मली, झाशीतच शिकली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलताना ती अर्ध्या वाटेत हिंदीत उतरते आणि परत येताना रस्ता विसरते. दोन वर्षांपूर्वी तिनं ऑफिसातली चांगली नोकरी सोडली आणि मऊरानीपुर, गरौठ्याकडच्या दूधवाल्यांना पशुआहार पोचवायचा धंदा सुरू केला. आधी भाड्याच्या गाड्या घ्यायची. मग एक दिवस जुनी पिकअप घेऊन दारात उभी राहिली.

गाडी पाहून मला धडकीच भरली. तिचा रंग कधीकाळी पांढरा असावा. मागच्या हौद्याचा पत्रा इतका सडला होता की त्यातून खालचा रस्ता दिसत होता. फाळक्याची एक कडी नव्हतीच, तिच्या जागी सुतळी. मी म्हटलं, ही परत करून ये. ती म्हणाली, "अण्णा, इंजिन मस्त आहे. बाकी आपण बनवून घेऊ ना."

आणि आम्ही बनवायला लागलो. मी निवृत्त, घरी बसून बायकोच्या कामात खो घालणारा. खरं सांगायचं तर ते दोन महिने माझे फार सुखाचे गेले. सडलेला पत्रा कापून नवा जाड पत्रा वेल्ड करवून घेतला. हौद्याच्या बाजूंना लोखंडी पाइप लावून उंची वाढवली, म्हणजे पोत्यांचा एक थर जास्त बसेल. फाळक्याला नव्या कड्या केल्या. सायलेन्सरची पट्टी, पाण्याचा पाइप, दिव्यांचं वायरिंग, सगळं करून झालं. मुलगी डोक्याला ओढणी बांधून खाली शिरायची आणि मी तिला पाने देत देत घाबरवायचो. हे तपास, ते तपास. जॅकवर भरवसा ठेवू नकोस, खाली लाकडाचा ठोकळा घाल. ती हसायची, पण ठोकळा घालायची.

शेवटी राहिल्या कमानी, म्हणजे आसावरचे स्प्रिंगपाटे. रिकामी असतानाच गाडी मागून बसल्यासारखी दिसे. तीस पोती भरली की पार टेकेल, असं माझं मत. डब्यांच्या कमानींखाली मी आयुष्य काढलं होतं, त्या बाबतीत मला कोण शिकवणार होतं? कमानीवाल्याकडे नेऊन मी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालून घेतला. गाडी मागून चार बोटं उचलली गेली आणि तरण्या बैलासारखी दिसायला लागली. मी दोनदा तिच्याभोवती फिरलो.

घरी आणल्यावर सवयीनं खाली वाकून बघितलं, तर मागच्या आसाजवळ एक बारीक दांडी लोंबत होती. वरचं टोक चासीवरच्या कुठल्याशा छोट्या डबीत अडकलेलं, खालचं सुटलेलं. गाडी उचलली गेल्यामुळे ती आता आसापर्यंत पोचत नव्हती आणि तिचं गंजलेलं टोक तुटून पडलं होतं. मालडब्याला अशी दांडी नसते, त्यामुळे ती कशाची हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं. पण लोंबणारी वस्तू दिसली की माझे हात माझ्याआधी विचार करतात. कोठीतून तार आणली, दुहेरी केली, दांडी बाजूला ओढून चासीला आवळून बांधली. तीन पीळ, टोक आत. मुलीला सांगितलं, एक दांडी लोंबत होती, बांधून टाकली. ती म्हणाली, "बढिया."

आठवडाभर ती गाडी रिकामीच इकडेतिकडे फिरवत होती. काही तक्रार नव्हती. मग पहिल्या पूर्ण भरतीचा दिवस आला. सकाळी गोदामातून तीस पोती भरून नऊला तिनं गाडी दारासमोर आणली. बायकोनं बॉनेटवर कुंकू लावलं, नारळ वाढवला. मी हातोडी घेऊन चारी चाकांपाशी गेलो. रबराच्या टायरवर हातोडीचा काय नाद येणार, पण मुलगी इंजिन चालू ठेवून थांबली, जणू सिग्नल मिळायचाय. मी मान हलवली. निघताना तिनं नेहमीप्रमाणे फोन समोरच्या कप्प्यात टाकला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शपथ मीच तिला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावून घातली होती.

दहाच्या सुमाराला मी स्कूटर काढून आमच्या मिस्त्रीकडे गेलो. पिकअपचं इंजिन त्यानंच बघितलं होतं. बाजूच्या आरशाचा एक जुना ब्रॅकेट त्याला परत द्यायचा होता, म्हणजे खरं तर गप्पा मारायच्या होत्या. त्याच्याकडे दुसरी एक पिकअप उभी होती आणि तो तिच्या मागच्या आसाजवळ एका बारीक दांडीची खालची जोडणी घट्ट करत होता. तीच दांडी. मी सहज विचारलं, ही कशाला असते?

तो हिंदीत समजावत गेला. गाडीत माल भरला की मागची बाजू खाली बसते. ती बसली की ही दांडी वरच्या डबीतला वॉल्व्ह ढकलते आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. गाडी रिकामी असली की जोर कमी, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. दांडीवरूनच ब्रेकला कळतं की गाडीत वजन किती आहे.

मी त्याला विचारलं, आणि ती चासीलाच बांधून टाकली, माल भरला तरी हलणार नाही अशी, तर? माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. त्यानं मान वर केली. मी सगळं सांगितलं, जादा पाट्यांचंही. तो बुंदेली माणूस, मला दद्दा म्हणतो, एरवी माझी थट्टा केल्याशिवाय चहा पाजत नाही. त्या दिवशी त्यानं पाना खाली ठेवला.

"दद्दा, गाड़ी में माल भरो है का?"

मी म्हटलं, तीस पोती.

"तौ पाछें के ब्रेक समझो हैंई नइयाँ. फोन लगाओ."

मागचे ब्रेक नाहीतच असं समजा. मी तिथल्या टायरवर बसलो आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा नुसती रिंग. शपथ माझीच होती आणि ती पाळत होती. मिस्त्री म्हणाला की पुढचे ब्रेक आहेत, हळू चालवली तर पोचेल. पण ते बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मला डोळ्यांसमोर दिसत होता तो बेतवेच्या पुलाकडे जाणारा रस्ता, पुढे अचानक थांबलेला ट्रॅक्टर, आणि ब्रेकवर पाय दाबून धरलेली माझी मुलगी.

घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मी स्कूटर तशीच मऊरानीपुरच्या रस्त्याला घातली. काय करणार होतो, हे विचारू नका. एवढंच माहीत होतं की घरी बसलो तर वेड लागेल. रस्त्याच्या कडेला चार माणसं उभी दिसली की मी करकचून ब्रेक दाबायचो. बस थांबलेली असायची, प्रवासी चढत असायचे. एका ठिकाणी रस्त्यावर पांढरा चुरा सांडलेला दिसला. फुटलेल्या पोत्यातला पशुआहार तर नाही, म्हणून मी उतरलो, वाकून बोटावर घेतला. चुना होता. ज्या माणसाची हयात माणसांना अपघातापासून वाचवण्यात गेली, तो भर रस्त्यात चुन्याचा वास घेत उभा होता. मला रडू यायला लागलं होतं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

पुलाच्या अलीकडे खरीच गर्दी होती. गाड्या थांबल्या होत्या, लोक खाली उतरून पुढे बघत होते. दोन ट्रकांच्या मधून एक वाकडा पांढरा पत्रा दिसला. मी स्कूटर स्टँडवर लावली की नाही तेही आठवत नाही. पन्नास पावलं असतील, पण ती चालताना मी मनातल्या मनात तार उलटी सोडत होतो. टोक बाहेर, एक पीळ, दुसरा पीळ, तिसरा. जणू इथून सोडली तर तिथे सुटेल. एका माणसाला विचारलं, काय झालं भैया? तो म्हणाला, ट्रॉली पलटली, कुणाला लागलं नाही. वाकडा पत्रा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतल्या कूलरचा होता. मी कठड्याला धरून खाली बसलो. खाली बेतवेचं पाणी खडकांतून वाहत होतं आणि मला तहान लागलीय, हे तेव्हा लक्षात आलं.

तिथेच फोन वाजला.

"अण्णा, इतके मिस्ड कॉल? आई ठीक आहे ना?"

ती पोचली होती. माल उतरत होता. मी तिला काही सांगितलं नाही. आवाज नीट ठेवून एवढंच म्हटलं की सगळी पोती उतरव, परतीचा काही माल घेऊ नकोस, रिकामी गाडी घेऊन सावकाश ये. रिकाम्या गाडीला माझ्या तारेपासून धोका नव्हता, एवढं आता मला समजलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही टेन्शन घेता फार," आणि फोन ठेवला.

दुपारी चारला गाडी दारात आली. मी पक्कड घेऊन तयारच होतो. इंजिन बंद व्हायच्या आत खाली शिरलो. तार जशी बांधली होती तशीच होती, जराही ढिली नाही. मी तिचे पीळ सोडवायला लागलो, पण तेवढा धीर नव्हता, शेवटी कापून टाकली. मुलगी शेजारी उकिडवी बसली आणि काय करताय म्हणून विचारायला लागली. मग मी पाठीवर पडल्या पडल्याच तिला सांगितलं. ती दांडी ब्रेकची होती, मी न विचारता बांधली, तू भरल्या गाडीनं गेलीस आणि तुझं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या हातानं झालं असतं.

ती म्हणाली, "अच्छा, म्हणून ब्रेक लंबा लागत होता."

मी विचारलं, तुला कळलं होतं?

कळलं होतं. पुलाच्या उतारावर गाडी जागेवर थांबेना, पुढच्या ट्रकच्या अगदी मागे जाऊन थांबली. म्हणून तिनं बरुआसागरला एका मिस्त्रीला दाखवली. तो खाली वाकला आणि म्हणाला की ही तार चुकीची आहे, कापतो, दांडी जोडून देतो.

"मग?"

"मी नाही कापू दिली. त्याला बोलले, भैया, ये पापा ने बांधी है, इसको हाथ मत लगाना. तुमची तार कधी सुटत नाही ना, अण्णा."

बरुआसागरपासून मऊरानीपुरपर्यंतचा सगळा रस्ता ती तशीच गेली होती, तीस पोती मागे घेऊन. मी गाडीखाली पडून होतो, कापलेली तार हातात धरून. घरात माझं कुणी ऐकत नाही, असं मी आयुष्यभर कुरकुरत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दांडीला लांब जोडणी करून दिली आणि माल भरून ब्रेक तपासून दिले. तिसऱ्या दिवशी पोती भरून ती पुन्हा दारात थांबली, इंजिन चालू ठेवून. मी हातोडी घरातच ठेवून बाहेर आलो होतो. ती खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली, मान हलायची वाट बघत. माझी मान हलेना. मी म्हटलं, इंजिन बंद कर, खाली ये, आणि तू स्वतः वाकून बघ. ती उतरली, ओढणी डोक्याला बांधली आणि गाडीखाली शिरली. मी तिच्यासाठी चाकापाशी लाकडाचा ठोकळा लावला आणि उभा राहिलो.