पट्टीनं जोडलेली रेघ

"अगं बये, भुरभुर बर्फच पडंल. बर्फाला कवापास्नं भ्यायला लागलीस?" शहरातला हवामानाचा अंदाजवाला फेर्नां फोनवर हसत होता.

"ह्ये बर्फ न्हाई रं! वेर्गला हाय. शाळंच्या बसगाड्या थांबव!" ऑलिवीन ओरडली.

वेर्गला म्हणजे पाऊसच, पण टेकेल तिथं काच होणारा. बर्फात आमच्या सां-वितालच्या शाळेच्या बसगाड्या चाकांना साखळ्या बांधून पळतात. वेर्गल्यात अंगणातून संडासापर्यंत जायचं तर रांगत जावं लागतं.

बावीस वर्षं ऑलिवीन गावच्या हवामान-ठाण्यावरून रोज पहाटे फुगा सोडायची. फुग्याखालचं यंत्र वर जाता जाता थंडी नि ओल कळवायचं. ती ते कागदावर मांडायची, आणि त्यावरून फेर्नां ठरवायचा, बर्फ की पाऊस. वर कुठं ऊबदार थर लपला असला की बर्फ तिथं वितळतो आणि खाली येऊन गोठतो.

त्या दिवशी यंत्र मधेच दोन मिनिटं मुकं झालं. त्या मुक्या पट्ट्याच्या खाली उणे चार अंश, वर उणे तीन. ठाण्यावर सगळेच करायचे तेच तिनं केलं: पट्टी ठेवून दोन ठिपके जोडले, कागद फेर्नांला धाडला आणि कॉफी घेतली. साडेसातला पायऱ्या झाडायला गेली, तर बाहीवर थेंब पडले आणि पडल्या जागी काचेची बटणं झाली. ती आत फोनकडे धावली. ऊबदार थर त्या रेघेखालीच दडला होता. आणि चार नंबरची बस तिची लेक मारीझ चालवत होती. आत एकोणीस पोरं, पुढं खाणीचा चढ.

"फेर्नां, मधली रेघ माझ्या मनची हाय. यंत्र मुकं झालं व्हतं."

पलीकडचं हसू थांबलं. "तसं कागदावर लिहिलंस का?"

"न्हाई."

"माती खाल्लीस, बाये." त्यानं फोन आपटला.

तिनं बस-आगारातल्या म्हाताऱ्या ओमेरला फोन लावला. त्यानं काच वितळवायला मीठ टाकणारा ट्रक खाणीच्या चढाकडं धाडला नि वायरलेसवर हाका मारल्या. तीन बसगाड्या वळल्या. चार नंबर बोलेना.

"धर जरा, लागंल," ओमेर म्हणत राहिला. ऑलिवीन फोन कानाला धरून उभी. थोडं लुगड्यातच झालं म्हणावं, तर ती पाटलोण घालायची. अकरा मिनिटं गेली.

मग ओमेरनं वायरलेस फोनला लावला. खरखरीतून मारीझ बोलली, "आये, बस चढाखाली रस्त्यात आडवी झालीया. चाकं ऐकंनात. पोरं धड हायती, एक ओकलंय तेवढं."

"कुणाला खाली उतरू देऊ नगं! मिठाचा ट्रक येतोय."

"बरं. तू रडतीस व्हय?"

"गप गं."

फोन ठेवते न ठेवते तोच फेर्नांचा आला. "दुसरा फुगा सोड. आन् पट्टी चुलीत घाल."

ऑलिवीननं आधी पाटलोण बदलली. मग बुटांना खिळ्यांचे तळवे बांधले, रेलिंग धरत धरत शेडमध्ये गेली आणि गॅसची चावी फिरवली. फुगा फुगू लागला.